अर्धी टाकी

माझ्या भावाने ट्रॅक्टर आधी घेतला आणि त्याचं काय करायचं ते मला नंतर विचारलं. आमच्या घरात हे असंच. लहानपणापासून त्याने हौस करायची आणि मी हिशेब बसवायचा.

ट्रॅक्टर छोटाच होता, वीस घोड्यांच्या ताकदीचा. जमीन तीन एकर, आम्हा दोघांच्या नावावर. खाली विहीर आणि घर, वर उतारावर लिंबाची झाडं. भावाने आयुष्य छापखान्यात काढलेलं आणि मी औषधांच्या गोदामात. तीस वर्षं स्टोअरकीपर होते. माणसाला काय लागतं आणि काय लागेल असं वाटतं, यातला फरक माझ्याएवढा कोणाला कळत असेल असं मला वाटत नसे. त्याला ट्रॅक्टरचं काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं. पण मला कळतं असं आम्हा दोघांनाही वाटायचं.

अवजारांच्या दुकानात जाताना त्याने यादी केली होती. माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर, नांगर, पेरणी यंत्र, पुढे लावायची बादली, खड्डे पाडायचं यंत्र, गवत कापायचं यंत्र, ट्रॉली, पाण्याची टाकी आणि अजून काय काय. एकूण अकरा.

"अरे, तीन एकर आहे आपलं, संस्थान नाही," मी म्हटलं.

"ताई, हौसेला मोल नसतं."

"हौसेला नसतं, लोखंडाला असतं. वर्षात वीस दिवस जे वापरणार नाहीस ते घ्यायचं नाही. खड्डे एकदाच पाडायचेत, यंत्र भाड्याने आण."

मी पेन काढून खटाखट काट मारली. अकराची चार झाली. रोटाव्हेटर, ट्रॉली, गवत कापायचं यंत्र आणि टाकी. तो तोंड वाकडं करून बाहेरच्या मोठ्या ट्रॅक्टरवर जाऊन बसला. पन्नाशीचा माणूस, सीटवर बसून गियर हलवत होता.

अवजारवाला काळा, उंच, हातांवर वेल्डिंगचे डाग असलेला. त्याने आधी मला पाच फुटी रोटाव्हेटर दाखवला. मी म्हटलं, मागच्या चाकांचा माग पुसला जाईल एवढी रुंदी पुरे. पाच फुटी ओढताना आमचं ते पोर धापा टाकेल. तो हसला आणि मुकाट्याने साडेतीन फुटी पुढे आणला. तिथेच मी मनात त्याला खोटारडा ठरवून टाकलं. दुकानदार म्हटला की जास्तीचं गळ्यात मारणारच.

मग टाकी. दोन चाकांवरची, गोल, हजार लिटरची.

"बाई, हिच्यात आतून आडव्या पाट्या बसवून घ्या," तो म्हणाला. "पाणी हेलकावत नाही मग. दोन दिवस लागतील."

"पाट्यांशिवाय चालत नाही?"

"चालतं. सपाटीवर कोणीही चालवतं. तुमच्याकडे उतार आहे म्हणालात. पाट्या नसल्या तर काठोकाठ भरायची आणि हळू न्यायची, नाहीतर रिकामी न्यायची. अर्धी कधीच नाही. अर्ध्या टाकीत पाणी पळतं."

मी त्याच्याकडे बघितलं. आधी पाच फुटी, आता पाट्या. आणि मला वाटलं, बघा, कशी गोष्ट रचतो. पाणी पळतं म्हणे! मी म्हटलं, "पाट्या नकोत. आहे तशी द्या."

भाऊ बाहेर होता. त्याने हे ऐकलं नाही. मीही त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

पहिल्या दिवशी त्याने टाकी काठोकाठ भरली आणि उतार चढायला लागला. मी आणि भावजय अंगणातून बघत होतो. मध्यावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीला टेकल्या-न टेकल्यासारखी झाली. स्टिअरिंग फिरवलं तरी तोंड वळेना. त्याने कसाबसा तो वर नेला, पाणी सोडलं आणि परत आला, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ताई, पुढून उचलला जातोय तो."

"मग अर्धीच भर," मी म्हटलं. "दोन फेऱ्या जास्त होतील, एवढंच."

त्याने कपाळ पुसलं. "अवजारवाला काही म्हणाला होता का टाकीबद्दल?"

आता इथे मला खरं सांगायचंय. मला आठवलं होतं. त्याने विचारलं त्याच क्षणी आठवलं, त्या माणसाच्या शब्दांसकट. पण अर्धं वजन म्हणजे अर्धा धोका, हे कोणीही सांगेल. आणि पाट्या मी नको म्हटल्या होत्या, हे आता कसं काढायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तो काय म्हणणार? विकणाराच तो," मी म्हटलं. "अर्धी भर."

त्याने मान हलवली. माझं ऐकायची त्याला सवयच होती.

अर्ध्या टाकीने ट्रॅक्टर झरझर चढला. पुढची चाकं जमिनीवर राहिली. मी भावजयीकडे असं बघितलं की, आता बोल! पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"ताई, तो आवाज ऐकलात?"

ऐकला होता. ट्रॅक्टर वळला की टाकीच्या आत पाणी एका बाजूला जाऊन धप्प आपटायचं, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला. इंजिनाच्या आवाजातही ऐकू यायचं. झाडांच्या ओळीतून तो उताराला आडवा जायचा, तेव्हा आवाज नुसता खालच्याच बाजूने यायचा.

"पाणी आहे, आवाज करणारच," मी म्हटलं.

"मला नाही आवडत."

"तुला मिक्सरचाही आवाज आवडत नाही."

 पण त्या दिवसापासून तो वर गेला की ती हातातलं काम ठेवून दारात येऊन उभी राहायची. मी तिला दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा मीही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. भाजी निवडायचं निमित्त केलं.

एकदा वरून तो ओरडला, "मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं गं!" आणि हसला. मीही हसले. रात्री मनाशी ठरवलं, उद्या सांगायचं. सकाळी तो चहा पिता पिता म्हणाला, "ताई, तू नसतीस तर मी अकरा अवजारं घेऊन बसलो असतो. तुझं डोकं म्हणजे डोकं आहे." मग मी नाही सांगितलं. काय सांगू? एवढं कौतुक चाललेलं असताना?

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी दहाच्या सुमारास तो तिसरी फेरी घेऊन गेला. आम्ही दोघी दारात. धप्प, मग थोडं थांबून धप्प. वरच्या ओळीच्या टोकाला तो वळला. झाडांमुळे तिथलं काही दिसत नव्हतं. पुन्हा एकदा धप्प झालं, आणि मग काहीच नाही. इंजिन चालूच होतं, उलट त्याचा आवाज वाढला होता. पाण्याचा आवाज मात्र आला नाही.

भावजयीने चपला घातल्या नाहीत. मी तिच्या मागे धावले. माझ्या वयाला धावणं ते काय.

टाकी खालच्या अंगाला कलंडली होती, आणि जाताना तिने ट्रॅक्टरला कुशीवर ओढलं होतं. त्याने उडी मारली होती. पण डावा पाय मडगार्डखाली राहिला. चाक हवेत फिरत होतं. पाणी भळाभळा लिंबांच्या आळ्यात चाललं होतं, आणि तो आमच्याकडे बघून म्हणत होता, "आधी बंद करा, आधी बंद करा."

शेजारचे चौघे आले, ट्रॅक्टर उचलला, त्याला गाडीत घातलं. डॉक्टरांनी दोन दिवस वाट बघितली. मग घोट्याच्या वरून पाय काढला.

ऑपरेशननंतर तो शुद्धीवर यायच्या आधी मी एकदा शेतावर गेले होते, कपडे आणायला. अवजारवाला ट्रॅक्टर दुरुस्तीला न्यायला आला होता. तो टाकीभोवती दोनदा फिरला, वाकून तोंडातून आत बघितलं.

"बाई, किती भरली होती?"

"मला काय माहीत? मी घरात होते."

तो माझ्याकडे बघत राहिला.  मी कपड्यांची पिशवी उचलली आणि निघाले. रस्ताभर त्याला शिव्या घातल्या, मोठ्याने, एकटीच.

आठव्या दिवशी भाऊ उशीला टेकून बसला. चेहरा पांढरा, पण बोलायला लागला होता. भावजय त्याला चमच्याने सूप पाजत होती. मला बघून त्याचे डोळे भरले.

"ताई, रागावू नकोस हं. तू सांगितलं होतंस अर्धी भर. त्या दिवशी माझा अंदाज चुकला बहुतेक, अर्ध्याहून थोडी जास्त गेली. माझंच चुकलं."

मी खुर्चीत बसले.  

"आता शिकलो," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, नकली पाय बसला की ट्रॅक्टर चालवता येतो. क्लच हाताने दाबायची सोय करून मिळते म्हणे. या वेळी पाव टाकीच भरीन. थोडीशीच. फेऱ्या झाल्या तरी चालतील."

पाव टाकी. त्या उतारावर. हा परत जाणार होता, आणि माझं ऐकून जाणार होता. मला त्याची, माझी आणि त्याच्या त्या विश्वासाची भीती वाटली. सूप संपेपर्यंत थांबायचं, घरी गेल्यावर सांगायचं, हे सगळं मनात येऊन गेलं. मग मी सांगितलं. अवजारवाला काय म्हणाला होता ते, पाट्यांचं, काठोकाठ नाहीतर रिकामी, अर्धी कधीच नाही. आणि तू विचारलंस तेव्हा मला आठवत होतं, हेही. एका दमात सांगितलं. रडले नाही. रडायचा मला काय हक्क होता?

भावजयीचा चमचा हातातच राहिला.

तो पांघरुणाकडे बघत होता, डाव्या बाजूला ते सपाट पडलं होतं तिथे. तो चिडेल, ओरडेल, मला वाटेल ते बोलेल, मी तयार होते. ते झालं असतं तर बरं झालं असतं.  त्याने भावजयीकडे हात केला.

"माझा फोन दे," तो म्हणाला. "आणि त्या अवजारवाल्याचा नंबर शोध. मला त्याला काही विचारायचंय."

मी नंबर पाठ म्हणून दाखवला. मला सगळे नंबर पाठ असतात. त्याने तो लावला नाही. भावजयीने तोच नंबर पर्समधल्या पावतीवरून पुन्हा वाचून दाखवला, तेव्हा लावला.