माझ्या खाचेचे माप

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. पण गच्चीवर ऊन खात बसणारी नव्हे. मी एका बोटीच्या पोटात राहते. खाली खारे पाणी, शेजारी धडधडणारे इंजिन आणि माझ्यात मात्र गोडे पाणी. समुद्रात राहून गोडे राहायचे, हे काही खायचे काम नाही बरे!

माझा जन्म धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डरने मला जोडले, पाण्याने काठोकाठ भरले आणि माझ्या प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवला. कागद कुठेच ओला झाला नाही. तेव्हा तो म्हणाला, "पोरगी पक्की आहे." आत हात घालून मला धुता यावे म्हणून त्याने माझ्या कुशीला एक गोल तोंड ठेवले होते. त्या तोंडाभोवती बारीकशी खाच, खाचेत रबरी सील, त्यावर झाकण आणि झाकणाला बोल्ट. सील करंगळीहूनही बारीक. पण माझी सगळी अब्रू त्याच्याच हाती!

आमची बोट दीपगृहाला पाणी पोचवते. दीपगृह भर समुद्रात एका खडकावर आहे. तिथे ना विहीर, ना झरा. रखवालदार आणि त्यांची बायको दोघेच राहतात. बोट खडकाला लागत नाही, लागली तर फुटेल. ती अंतरावर उभी राहते आणि माझ्यातले पाणी पंपाने लांब नळीतून वर जाते. त्यामुळे डबे भरून नेण्यातही अर्थ नाही. मी पोचले तरच पाणी पोचते. पूर्वी रखवालदार वायरलेसवर पहिला प्रश्न हाच विचारायचे, "टाकीबाई आल्या का?" मग मी मनातल्या मनात फुगून जायची.

पण नव्याचे नऊ दिवस! माझ्या झाकणाशी एक थेंब दिसू लागला. आमच्या तांडेलने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, पाना घेतला आणि बोल्ट आवळला. पुढच्या फेरीला पुन्हा थेंब, पुन्हा पाना. "आवळलं की झालं," हे त्याचे एकच औषध. माणूस कष्टाळू, पण दुखण्याचे मूळ शोधण्यापेक्षा त्याला जोर लावणे आवडायचे. बिचारे रबर चेपत गेले, पसरत गेले. मी सांगणार कशी? मला तोंड होते, तेही त्याने आवळून ठेवलेले.

एकदा इंजिनाच्या दुरुस्तीत आमची फेरी फार लांबली. त्यातच इशारा आला, की उद्यापासून समुद्र खवळणार आणि मग बरेच दिवस एकही बोट सुटणार नाही. त्या सकाळी घाईघाईने मला भरले आणि झाकणातून थेंब नव्हे, धारच लागली! दुपारभराच्या प्रवासात मी पार रिकामी झाले असते.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. "आमचं भागतंय. घाई करू नका, जावईबापू," रखवालदार म्हणाले. होय, तांडेल त्यांचा जावई. इंजिन सांभाळतो तो त्यांचा मुलगा, म्हणजे तांडेलचा मेहुणा. आणि धक्क्यावर उभी होती ती त्यांची मुलगी, तांडेलची बायको. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा भागतंय म्हणाले, म्हणजे संपलंय," ती म्हणाली. "लहानपणापासून ओळखते मी त्यांना."

मला रिकामे केले. झाकण उघडताच सील तुटून हातात आले. मेहुणा ते घेऊन बाजारात धावला आणि हुबेहूब त्याच मापाचे नवे सील घेऊन आला. पण ते खाचेत बसेना. एका बाजूने दाबले की दुसरीकडून उठे. तांडेलने तसेच झाकण लावले आणि दात-ओठ खाऊन आवळले. मला पुन्हा भरले. आता दोन ठिकाणी धार!

"दाजी, तुमच्या त्या पान्यानंच घात केलाय!" मेहुणा कडाडला.

"आणि तू आणलंस ते काय? तुझं इंजिन वेळेवर झालं असतं तर ही वेळ आली असती?"

रागारागाने मेहुण्याने गळती बुजवायला इंजिनाला लावायच्या काळ्या मलमाचा डबा उघडला. त्याचा वास माझ्या तोंडात शिरला आणि मी शहारले. एवढी वर्षे जपलेले पाणी आता नासणार!

"हे माझ्या आईबापांना पाजणार?" मुलगी एवढेच म्हणाली. मेहुण्याने डब्याचे झाकण लावून टाकले.

मला पुन्हा रिकामे केले आणि तांडेल माझ्याशेजारी बसला. त्याने नवे सील काढले आणि सहज माझ्या खाचेवर धरले. ते चांगले दोन बोटे बाहेर लोंबत होते. तो एकटक बघत राहिला. "आपण जुन्या सीलचं माप दिलं," तो हळूच म्हणाला. "आणि ते तर मीच आवळून आवळून पसरवलेलं." मित्रांनो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे नीट पाहत होते. त्याने सुतळी घेतली, माझ्या खाचेत अलगद बसवली आणि टोकाला टोक भिडले तिथे कापली. ती सुतळी मुठीत धरून दोघे पळाले.

मी तोंड उघडे टाकून वाट पाहत राहिले. मुलगी माझ्याशेजारी बसून होती. वायरलेस पुन्हा बोलला, "निघाले का गं?"

"निघालेत, बाबा," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून रडली. बाप तिकडून खोटे बोलत होता, लेक इकडून.

परत येतानाच दोघांचे बोलणे माझ्या कानावर आले. एकामागून एक दुकानांनी हात वर केले होते, "असली खाच आता कोण करतं?" शेवटी एका दुकानात पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या रबराची सरळ दोरी मिळाली. मेहुण्याने ती सुतळीवर मापून टोके तिरपी कापली आणि चिकटवली. "सांधा वर येऊ द्या दाजी, तिथं पाण्याचा दाब कमी." झाकण बसले. तांडेल समोरासमोरचे बोल्ट थोडे-थोडे आवळू लागला. शेवटी सवयीने त्याचा दंड फुगला.

"दाजी, बस."

आणि तांडेलने पाना खाली ठेवला! मला भरले. मुलीने कोरडा कागद झाकणाभोवती फिरवला. तो ओला! तिघेही वाकून बघू लागले. मग लक्षात आले, तिच्याच कपाळाचा घाम त्यावर टपकला होता. दुसरा कागद फिरवला. कोरडा.

तिघेही निघाले. लाटा चढू लागल्या होत्या. माझ्यातले पाणी प्रत्येक हेलकाव्याला त्या झाकणावर धडका देत होते. मी जीव मुठीत धरून त्या सांध्याला म्हणत होते, धर रे बाबा, आता सोडू नकोस. मुलगी वाटभर कागद फिरवत राहिली. दीपगृहाचा दिवा लागायच्या वेळेला आम्ही खडकासमोर पोचलो. वरून टाकलेल्या दोराला नळी बांधली आणि पंप सुरू झाला.

वायरलेस खरखरला. आवाज पार घोगरा झालेला. "टाकीबाई... आल्या का?" मग, "थांबा, आधी हिला देतो."

घाईत त्यांनी बोलण्याचे बटण दाबूनच ठेवले होते. वायरलेसमधून पाणी पिण्याचा आवाज आला. घोट, मग घोट, मग पुन्हा घोट. जावई, मुलगा आणि मुलगी, तिघेही वायरलेसजवळ सरकून ऐकत राहिले.

आता माझ्याशेजारी खिळ्याला त्या रबराच्या दोरीचा उरलेला तुकडा टांगलेला असतो. पाना दूरच्या पेटीत गेला. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा नळ ठिबकत असेल, एखादे झाकण कुरकुरत असेल. त्याच्यावर जोर काढू नका. जवळ बसा, त्याचे काय दुखते ते बघा आणि वेळेवर बघा. आम्हाला बोलता येत नाही. तो एक थेंब, एवढीच आमची हाक असते.