वासाचा रकाना

नमुना: काळ्या फोडातलं पाणी
रोगी: हरिसिंग, केळापूरकडचा तांडा
आकार: निळ्या-जांभळ्या कांड्या, बांबूच्या पेरांसारख्या एकापुढे एक
वास:

हा शेवटचा रकाना सरकारी फॉर्मात नव्हताच. डॉक्टरसाहेबांनी तो स्वतः पट्टी धरून लाल शाईनं आखला होता. साहेबांच्या नाकाची तालुक्यात ख्याती. रोगी व्हरांड्यात टेकला की साहेब आतूनच ओरडत, "गळू! पिकलंय!" दहात सात वेळा गळूच निघे. उरलेल्या तिघांना आपलं काय चुकलं ते कळत नसे.

दवाखान्याची प्रयोगशाळा एकट्या कमलाकरच्या अंगावर होती. सूक्ष्मदर्शकात त्या कांड्या पाहून तो गारच पडला. हरिसिंगची बायको रुपीबाई दारातच उभी होती.

"भाऊ, बकरी अवचित मेली. यानं तिचं चामडं काढलं. तिसऱ्या दिवशी हातावर काळं पडलं. दुखत बी नाही म्हन्ते. दुखत नाही तं मले भेव काहून लागून राह्यलं?"

"बरोबर लागून राह्यलं, बाई. बसा तिकडं. याच्या फोडाले हात लावू नका."

संशय मेलेल्या जनावरापासून जडणाऱ्या जीवघेण्या अँथ्रॅक्सचा. फोडातलं पाणी पेरलेल्या काचेच्या बशीत दुसऱ्या दिवशी करडे, खरखरीत ठिपके उगवले. कमलाकरनं झाकण चिकटपट्टीनं चहूबाजूंनी बंद केलं, टेबल कार्बोलिकनं पुसलं आणि पेनिसिलीन मागायला साहेबांकडे गेला.

"बशी आणा."

"साहेब, ती उघडायची नाही. श्वासावाटे आत गेलं तर..."

"अहो कमलाकर, चोवीस वर्षं या नाकानं पगार घेतलाय! रकाना रिकामा, तर औषधाच्या कपाटाची किल्ली नाही."

व्हरांड्यात हरिसिंगचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

कमलाकर गेला. बशी घेऊन आला. ती दुसरीच होती. तिच्यात कधी काही पेरलंच नव्हतं.

साहेबांनी डोळे मिटले. नाकपुड्या फुलल्या.

"भिजलेली घोंगडी... आणि मागून जळका गूळ. अँथ्रॅक्स! लिहा."

वास: भिजलेली घोंगडी, मागून जळका गूळ

कपाट उघडलं. सुया टोचल्या गेल्या. पाचव्या दिवशी हरिसिंग दवाखान्याच्या भाजीत तिखट नाही म्हणून भांडला, तेव्हा रुपीबाई पहिल्यांदा हसली. खरी बशी डब्यात बंद होऊन जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेली, वासाचा रकाना भरलेल्या अहवालासकट. रोग तोच ठरला.

महिन्याभरानं टपाल आलं.

परिपत्रक: सर्व दवाखान्यांनी संशयित बशी उघडून प्रथम वास घ्यावा. घोंगडी व गूळ आढळल्यास त्वरित कळवावे.

कमलाकरच्या हातातला घास हातातच राहिला. जिल्ह्यातली सगळी नाकं त्याच्या डोळ्यांपुढे बशांवर वाकली. त्यानं त्याच दुपारी पत्र लिहिलं: 'वास घेतलेली बशी कोरी होती. ती मीच दिली. कृपा करून कुणीही बशी उघडू नये.' पण वर जाणारा प्रत्येक कागद साहेबांच्या सहीनंच जाई. नोकरी गेलीच, असं धरून तो टेबलापुढे उभा राहिला.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे बशीत काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पत्राखाली सही ठोकली.

"तरीच! इतका स्वच्छ वास जंतूंचा कसा, असं मला तेव्हाच वाटलं होतं."