पाणी आलं पाहिजे

मुद्दा पहिला : आधी वाचक, मग पुस्तक (चहा-बिस्किटांसह)

ज्या उन्हाळ्यात धरणातला साठा रोज पेपरच्या पहिल्या पानावर टक्क्यांत छापून यायचा, त्याच उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरात लेखकांचं पीक मात्र बेफाम आलं होतं. जालना रोडवर एका नव्या टाउनशिपचं होर्डिंग होतं, 'निळ्याशार पाण्याच्या सान्निध्यात तुमचं स्वप्न'. त्याच्या सावलीत टँकर रांगेनं उभे असत. आणि होर्डिंगच्या खांबाला सुतळीनं बांधलेला एक छोटा फलक होता : 'तुमच्यातला लेखक जागा करा. नवलेखक शिबिर. मार्गदर्शक : विश्वजित सर.'

मुकुंदवाडीच्या सुलेखा हिवराळेमधला लेखक आधीपासूनच जागा होता. तो झोपतच नव्हता, हीच अडचण. दिवसभर ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या डोळ्यांत थेंब टाकायची, 'मिटा, उघडू नका' म्हणायची आणि घरी आल्यावर आपल्या गल्लीची कादंबरी लिहायची. कादंबरी पूर्ण झाली होती. आता ती छापायची कशी, एवढंच तिला विचारायचं होतं. म्हणून ती शिबिराला गेली.

हॉल भरलेला होता. प्रत्येकाच्या हातात सरांच्या मुद्द्यांचं पत्रक होतं. सगळे लेखक. वाचक एकही नाही, कारण वाचकांसाठी शिबिर नसतं.

"या वर्षी दुसऱ्या कुणाचं पुस्तक विकत घेऊन वाचलेल्यांनी हात वर करा," विश्वजित सर म्हणाले.

पंख्याचा आवाज तेवढा आला. एका कवीनं हात वर केला होता, पण त्याला बाथरूम कुठंय ते विचारायचं होतं.

"हरकत नाही," सर म्हणाले. सरांची हरकत कशालाच नसे, फी भरली असली की. "लक्षात ठेवा. प्रकाशक पुस्तक छापत नाही, प्रकाशक गर्दी छापतो. आधी वाचक तयार करा. आणि वाचक कसा ओळखायचा? एकच खूण." त्यांनी बोट स्वतःच्या डोळ्याखाली टेकवलं. "पाणी आलं पाहिजे. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं, की तो तुमचा झाला."

सगळ्यांनी लिहून घेतलं. सुलेखानं नाही घेतलं. डोळ्यांत पाणी आणायचं काम तिला रोज पगारी होतं.

मुद्दा दुसरा : लेखकाची प्रतिमा

लेखकानं खिडकीत बसावं. हातात वाफाळता कप असावा. नजर लांब असावी. असा फोटो रोज सकाळी मोबाइलवरून जगाला दाखवावा, खाली एक ओळ टाकावी, आणि ती ओळ कुणाला कळू नये.

सुलेखाच्या खिडकीतून शेजारच्या कडूबाईची काळी टाकी दिसायची. तिनं कप धरला, टाकीकडं लांब नजर लावली आणि फोटो टाकला. पहिलीच प्रतिक्रिया कडूबाईची आली : 'सुले, आमच्या टाकीत काय बघती गं? रिकामीच हाय.'

(मुद्दा तिसरा नंतर घेऊ, असं सर म्हणाले. शिबिर संपेपर्यंत 'नंतर' आलं नाही, म्हणून तो इथंही नाही.)

मुद्दा चौथा : कारण पटलं पाहिजे

गुलमंडीत आप्पासाहेबांचं पुस्तकांचं दुकान होतं. तलाठी भरतीपासून नर्सिंगपर्यंतची गाइडं ते छापत आणि विकत. म्हातारपणी त्यांना एक कादंबरी छापायची हौस आली होती; गाइड छापणाऱ्याचं नाव नातवंडंही घेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सुलेखाचा गठ्ठा त्यांनी चाळला, 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. म्हणाले, "ताई, आपल्याला यातली अक्कल कमी. विश्वजित सरांकडून तपासून आणा. मग चार लोकांपुढं वाचून दाखवा. मी येतो. तिथंच फैसला करू."

म्हणजे सगळं आता सरांच्या हातात होतं.

सर पुण्याहून आलेले, बायपासच्या बाजूला सातव्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या सोसायटीत टँकर खाली यायचा, मोटर पाणी वर चढवायची, आणि सर तोटी फिरवायचे. पाणी कुठून येतं याबद्दल त्यांचं मत 'तोटीतून' असं होतं.

"भाषा छान," सर म्हणाले. "वातावरण छान. पण सातव्या प्रकरणात माझा वाचक उठून जातो."

"कुठं जातो, सर?"

"म्हणजे पुस्तक मिटतो. हे बघा. नायिकेला बघायला सिल्लोडहून पाहुणे आलेत. ती पोहे घेऊन बाहेर येते. आणि गल्लीत कुणीतरी ओरडतं, पाणी आलं. तर ही बाई पोह्यांचा ट्रे मुलाच्या बापाच्या मांडीवर ठेवून पळते?"

"व्हय. म्हणजे हो, सर."

"का?"

"पाणी आलं ना."

"अहो, पण लग्न ठरतंय तिचं!"

"लग्न काय, पुढच्या आठवड्यातही ठरतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. अडाणी माणसाशी बोलताना ते चष्मा पुसायचे. "सुलेखा, नळाला पाणी आलं म्हणून कुणी असं उठून जात नाही. जगात कुठंच नाही. कारण मोठं हवं. काळजाला भिडणारं हवं. समजा, त्या क्षणी तिला तिच्या पहिल्या प्रियकराचा फोन येतो. नाव काय द्यायचं... अमेय. बासरी वाजवणारा. मग ती ट्रे टाकून धावते. बघा, कसं पटतं!"

सुलेखाला कसं पटायचं? ते प्रकरण तिनं रचलेलं नव्हतं. सिल्लोडचे पाहुणे तिलाच बघायला आले होते, ट्रे तिच्याच हातात होता, मांडी त्याच बापाची होती. पाण्याचं टिपाड भरून ओल्या साडीनं ती परत आली तेव्हा घर रिकामं होतं. तिची आई मनकर्णाबाई अजून हसत सांगते, "गेले ते गेले. पण पोहे पुरे खाऊन गेले मेले." त्या हसण्यातून कादंबरी सुरू झाली होती. सातवं प्रकरण काढलं तर बाकीची पानं म्हणजे नुसतंच नागरी समस्येवरचं निवेदन.

"नाही बदललं तर?" तिनं विचारलं.

"तर मी आप्पासाहेबांना खोटं सांगू शकणार नाही," सर म्हणाले. त्यांचा स्वर दुःखी होता. शिफारस नाकारताना स्वर दुःखी ठेवावा, हा बहुधा त्यांचा स्वतःसाठीचा मुद्दा होता.

तिनं बदललं. एक आठवडा लागला. रोज संध्याकाळी अमेय बासरी घेऊन यायचा आणि तिच्या गल्लीत कुठं उभं राहावं हे त्याला कळायचं नाही. जिथं जावं तिथं ड्रम. शेवटी तिनं त्याला फोनवरच ठेवला.

आईला वाचून दाखवलं. मनकर्णाबाईनं लसूण सोलता सोलता सगळं ऐकलं आणि मग डोळे बारीक केले.

"हा बासरीवाला कोण गं? कधी भेटला तुला?"

"आई, कुणी नाही. गोष्टीतला आहे."

"मग मला कामून सांगितलं नाय?"

"नाहीच आहे तो, तर काय सांगू?"

"नाय तर मग त्याच्यासाठी पोहे कामून सांडले?"

याचं उत्तर सरांपाशी असावं, पण त्यांच्या मार्गदर्शनात आईचे प्रश्न समाविष्ट नव्हते.

मुद्दा पाचवा : श्रोते कसे जमवावेत

सरांची सूचना होती : खुर्च्या कमी मांडाव्यात, माणसं जास्त आणावीत, म्हणजे फोटोत गर्दी उभी दिसते. सुलेखानं गल्लीतल्या समाजमंदिरात रविवारी सकाळी वाचन ठेवलं. रविवार तिनं विचार करून धरला होता. गल्लीचा पाण्याचा वार शनिवार होता, आठवड्यातून एकदाच. शनिवारी भांडी भरली, की रविवारी माणूस मोकळा. अशा मोकळ्या माणसाला साहित्य ऐकवता येतं.

शनिवारी जलवाहिनी फुटली.

कुठं फुटली, कशानं फुटली, याच्या गल्लीत तीन-चार आवृत्त्या निघाल्या. पाणी 'उद्या, नाहीतर परवा, नाहीतर बघू' येणार होतं. सुलेखानं सरांना फोन केला : कार्यक्रम पुढं ढकलूया का? सर म्हणाले, "नळासाठी? तुम्ही अजून सातव्या प्रकरणातच आहात."

रविवारी गल्ली आली, कारण मनकर्णाबाईनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, "माझी लेक वाचणार हाय. चहा हाय, वडा हाय. नाय आल्या तर माझ्याशी गाठ हाय." बायका आल्या, म्हातारे आले. कडूबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसली, कारण तिथून तिच्या ओट्यावरचा नळ दिसायचा. तो तिनं पूर्ण उघडा ठेवला होता.

सुलेखा वाचू लागली. अख्खा हॉल नि:शब्द. कुणी खोकत नव्हतं, कुणी कुजबुजत नव्हतं, प्रत्येकाची मान किंचित तिरपी, कान ताणलेले.

"बघितलंत?" विश्वजित सर शेजारच्या आप्पासाहेबांच्या कानात म्हणाले. "काय एकाग्रता आहे! मी हजारो कार्यक्रम केले, असा श्रोता बघितला नाही."

आप्पासाहेबांनी एकदा श्रोत्यांकडं बघितलं, एकदा उघड्या दाराकडं.

"'...तिच्या हातातला ट्रे थरथरला,'" सुलेखा वाचत होती. "'मनाच्या खोल तळाशी कुठंतरी एक बासरी...'"

बाहेर ओट्यावरच्या नळानं आधी सूंऽऽ केलं. मग दोन ठसके दिले.

"आलं!" कडूबाई ओरडली. "पाणी आलं!"

सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत पसरला नव्हता. "ऐकलंत, आप्पासाहेब? पाणी आलं म्हणतायत! आणि अजून फोन यायचाय कथेत!"

"आलं गं, आलं!" दुसरी ओरडली. खुर्च्या सरकल्या. एका आजोबांनी तोंडातला वडा तसाच ठेवून चपला शोधल्या. बायका पदर खोचत दाराकडं लोटल्या.

"भारावलेत," सर म्हणाले. "काहींना एकट्यानं रडायचं असतं. जाऊ द्या त्यांना."

"सुले!" मनकर्णाबाई दारातून ओरडली. "मोटर! माझ्यानं नाय लागत ती मोटर!"

सुलेखा पानं धरून उभी राहिली. समोर दोनच माणसं उरली होती, आणि त्यातल्या एकाच्या हातात तिच्या कादंबरीचं भवितव्य होतं. ती आत्ता उठून गेली, तर आप्पासाहेबही उठून जाणार. सिल्लोडचे गेले तसेच. हे काही तिला कादंबरीतून शिकायचं नव्हतं. बाहेर एकेक मोटर घुरघुरायला लागली. पहिल्या मोटरी पाणी ओढून घेतात, शेवटच्या घराला नुसती हवा येते.

तिनं पानांचा गठ्ठा विश्वजित सरांच्या मांडीवर ठेवला आणि पळाली.

मुद्दा सहावा

(सरांच्या पत्रकात हा मुद्दा नव्हता.)

टिपाड निम्मं भरलं तेव्हा आप्पासाहेब दारात आले. मनकर्णाबाईनं त्यांना आपादमस्तक बघितलं आणि रबरी पाइप त्यांच्या हातात दिला. "जरा धरा हो, भाऊ. रांजण धुऊन घेते."

गुलमंडीच्या आप्पासाहेबांनी पाइप धरला. कसा धरायचा, अंगठा कुठं दाबायचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"ताई," ते म्हणाले, "ते सर म्हणतायत, लोक रडत बाहेर गेले."

सुलेखा हंडे लावत होती. हात थांबवून तिनं एकदाच त्यांच्याकडं बघितलं. "आप्पासाहेब, मी खरं सांगते. मी वाचलं ते प्रकरण माझं नाही. माझ्या प्रकरणात बासरी नव्हती. त्यात आत्ता झालं तेच होतं. बाई ट्रे ठेवते अन् पळते. सर म्हणाले, असं कुणी करत नाही. छापायची तर ती छापा. बासरीवाली मी देणार नाही. नाही छापली तरी चालेल."

शेवटचं वाक्य खोटं होतं. ते म्हणून तिनं पुढचा हंडा लावला.

"मांडीवर ठेवते ट्रे?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"हो."

"आत्ता सरांच्या ठेवलात तसा?"

"तसाच."

आप्पासाहेब हसायला लागले, तसा पाइप हलला आणि मनकर्णाबाई भिजली. "ओ भाऊ, पाण्यावर ध्यान द्या! छापाछापी मागनं!"

"जुनंच प्रकरण आणून द्या," आप्पासाहेब पाइप सरळ करत म्हणाले. "पण आज नको. आज तुमचं पाणी हाय. परवा पण नको."

"परवा का?"

"परवा आमचं हाय."

जाता जाता : प्रसिद्धी

त्याच संध्याकाळी विश्वजित सरांनी मोबाइलवर रिकाम्या खुर्च्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं : 'आज मुकुंदवाडीत माझ्या विद्यार्थिनीचं वाचन. शब्दांचं सामर्थ्य पाहा! एकही श्रोता असा नव्हता ज्याला पाणी आलं नाही.'

खूप जणांनी हात जोडले. फुलं पाठवली. शिबिराच्या पुढच्या तुकडीसाठी चौकशी सुरू झाली.

सगळ्यात खाली कडूबाईची प्रतिक्रिया होती : 'खोटं हाय. मोटरवाल्यांनाच आलं. वरच्या गल्लीत थेंब नाय.'