मुरुमापर्यंत न पोचलेला दगड

मित्रांनो, परसात एकटा दगड दिसला की तुम्ही त्यावर धुणं आपटता, नाहीतर चपलेचा चिखल पुसता. मीही तसाच एक जुना काळा दगड आहे. पण मला हलक्यात घेऊ नका. मी पायाचा दगड आहे, तोही कोपऱ्याचा!

वडनेर भोलजीजवळच्या खाणीत एका पाथरवटाने मला चौकोनी घडवलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. मोतीरामने मला बैलगाडीतून घरी आणलं. तो कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातला हमाल. गवंडीकाम त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. पण त्याच्या एकुलत्या लेकीचं, पंचफुलाचं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं आणि घर म्हणजे एकच खोली. म्हणून सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच परसात दुसऱ्या खोलीचा पाया खणू लागला.

आमच्याकडची काळी माती मोठी लहरी. पावसात फुगते, उन्हात फाटते. खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खणावंच लागतं. तीन कोपऱ्यांना त्याने मुरूम गाठला. चौथ्या कोपऱ्यावर पहार उचलली आणि त्याची बायको कलाबाई धावत आली.

“अजी, इथं नका खंदू! पंचीची वार पुरली हाय इथं.”

बाळ जन्मलं की त्यामागून पडणारी वार परसात पुरतात, आणि ती जागा पुन्हा कुणी उकरत नाही.

“मंग भित काय हवेत बांधू?” मोतीराम हसला. पण पहार त्याने खाली ठेवली. खोली सरकवायला परसात जागा नव्हती. त्याने मला तिथेच वरच्यावर, काळ्या मातीत बसवलं आणि थोपटून म्हणाला, “सांभाळ बे, लेकराची जागा हाय.” केवढा मान वाटला मला!

मान वाटून काय होतं? पावसाळ्यात माती फुगली, मी कललो आणि भिंतीला माथ्यापर्यंत तडा गेला. पंचफुलाचे सासरे दयाराम खोली पाहायला आले. त्यांनी तड्यात हात घातला.

“इथं बाळंतीण ठेवता काय, मोतीराम? पोरीले मी धाडत नाही.”

मोतीरामने सगळा दोष स्वतःवर घेतला. वारेचं सांगितलं असतं तर सगळा बोल कलाबाईवर आला असता.

बाळंतपण सासरीच झालं. “बाबानं मह्यासाठी एक खोली धड बांधली नाही,” असं म्हणत पंचफुलाने माहेरी येणंच सोडलं. मोतीरामने भिंत उतरवली. बाकीचे दगड गावच्या विहिरीच्या काठाला गेले. मला मात्र त्याने हलवलं नाही. रोज संध्याकाळी तो माझ्यावर येऊन बसे. मग तोही गेला. खरं सांगतो, एकटेपण दगडालाही सोसत नाही.

वीसेक वर्षांनी पंचफुला आली. सासरी जन्मलेली तिची लेक आता तिच्याएवढी झाली होती.

“माय, हा एकच दगड काऊन ठेवला वं?” तिने कलाबाईला विचारलं.

“तुही वार हाय त्याच्याखाली,” कलाबाई म्हणाली. “मीनंच खंदू देल्लं नाही. म्हून भित फाटली. पण मह्यावर बोल येऊ देल्ला नाही त्यायनं.”

पंचफुला माझ्यावरच बसली आणि बापाला हाका मारत रडली.

मित्रांनो, काळ्या मातीत बांधाल तर मुरूम लागेपर्यंत खणा. पण कुणाची भिंत फाटलेली दिसली, तर खणणारा कशासाठी थांबला, ते त्याला विचारा. आणि विचारायचं तर तो असताना विचारा.