निम्मे देठ

"कापू नका, ओढा!" स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बसल्याबसल्या शैलजाबाईंनी बजावले. "बुडाशी धरायचं, जरासं पिळायचं आणि ओढायचं. आणि निम्मे ठेवायचे."

"ठाऊक आहे. इतकी वर्षं पाहतोय," शशिकांतराव म्हणाले.

"पाहताय. केलंय कधी?"

त्यांनी देठ ओढला. तो 'टक्' करून सुटला. तळाशी गुलाबी, वर हिरवट होत गेलेला, अंगठ्याएवढा जाड. त्याच्या टोकाचे हातभर रुंद पान त्यांनी सुरीने छाटून बाजूला टाकले. दरवर्षी हे काम शैलजाबाई करीत; यंदा त्यांच्या गुडघ्यांनी वाकण्यास साफ नकार दिला होता.

वेस्ट विंडसरच्या त्या घराच्या कुंपणाशी रुबार्बचे ते झाड कित्येक वर्षे होते. हिवाळ्यात ते बर्फाखाली नामशेष होई आणि वसंतात माती फोडून मुठीसारखे कोंब वर काढी. कैरीच्या आठवणीने कासावीस होणाऱ्या शैलजाबाईंनी त्याच्या देठांत कैरीचा आंबटपणा हेरला होता. तेव्हापासून दर मे महिन्यात या घरात रुबार्बचा मेथांबा होई.

आता घर विकले होते. शुक्रवारी सह्या झाल्या की दोघांनी मुलाकडे, टेक्ससमधल्या प्लेनोला, कायमचे जायचे होते. झाडाचा गड्डा बरोबर न्यावा, असे शैलजाबाईंच्या मनात होते. परंतु या झाडाला हिवाळ्याची गाढ झोप मिळावी लागते आणि टेक्ससच्या उन्हाळ्यात ते तगत नाही, हे शशिकांतरावांनी त्यांना सप्रमाण पटवून दिले. औषधांच्या प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या या गृहस्थांना चुकीचे विधान दुरुस्त न करता सोडणे जमत नसे. शैलजाबाईंनी वाद घातला नाही. "मग इथेच राहू दे. त्या मुलीला नीट समजावून देऊ," एवढेच त्या म्हणाल्या.

ती मुलगी, म्हणजे घर विकत घेणारी आसावरी, त्या वेळी आत पडद्यांची मापे घेत होती. मूळची नागपूरची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. हातात टेप घेऊन ती मागच्या दारातून बाहेर आली आणि थबकली.

"अय्या काकू, अळू! केवढी पानं आहेत!" तिने वाकून छाटलेले एक पान उचललेसुद्धा. "वड्या मस्त होतील यार. मी नेऊ?"

"अगं, अळू नाही ते, रुबार्ब आहे. देठ खायचे, पानं टाकायची."

"का? खाजतात? चिंच लावली की जाते ना खाज."

शैलजाबाई हसल्या. "आम्हीही हेच म्हटलं होतं. पहिल्या वर्षी चांगली चिंच घालून, दाणे घालून फदफदं केलं. तुझ्या काकांनी तर दोनदा वाढून घेतलं."

"मग?"

"मग काय, रात्रभर बाथरूमच्या दाराशी दोघांचा नंबर. पानं खायची नाहीत, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं. देठांचा मेथांबा कसा करायचा ते मी शिकवते तुला."

"चालेल ना! व्हिडिओच काढते," आसावरी म्हणाली.

प्रकरण इथे मिटले असते. परंतु चिंचेविषयीचे विधान तसेच राहिले होते. शशिकांतरावांनी हात पुसले.

"चिंचेचा इथे उपयोग नाही. अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात, म्हणून खाज. चिंचेनं ती कमी होते. या पानांत ऑक्सॅलिक ॲसिड आहे. ते विष आहे. जास्त गेलं तर किडनीवर परिणाम होतो."

"अहो," शैलजाबाई म्हणाल्या.

"मोठ्या माणसाचं उलट्यांवर निभावतं. लहान मुलाचं वजन कमी, त्यामुळे—"

"अहो, पुरे!"

आसावरीने पान खाली टाकले आणि हात जीन्सला पुसला. "काका, आमची आन्या दोन वर्षांची आहे. सध्या दिसेल ते तोंडात घालते."

शशिकांतरावांना आपल्या बोलण्याचा रोख आता उमगला. "तशी भीती नाही," ते घाईने म्हणाले. "पान आंबट लागतं, मूल थुंकून टाकेल. धोका अगदी कमी."

"कमी म्हणजे झीरो ना?"

शैलजाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. 'हो' या एका अक्षराचे काम होते.

"झीरो नाही," शशिकांतराव म्हणाले.

आसावरीने मान हलवली. "सॉरी काकू. मग मी ते काढूनच टाकते. तसाही इथे झोपाळा बसवायचाय. तुम्हाला राग नाही ना आला?"

"राग कसला गं? लेकरू आधी," शैलजाबाई तत्काळ म्हणाल्या. "थांबतेस का? आता मेथांबा करतेच आहे."

"नेक्स्ट टाइम नक्की, काकू." आणि ती गेली.

शशिकांतराव उभेच राहिले. सत्य सांगणे का आवश्यक होते, याची सर्व कारणे त्यांनी मनात मांडून ठेवली होती.

"खरं तेच बोललात," शैलजाबाई म्हणाल्या.

मांडलेली कारणे जागच्या जागी राहिली. काहीतरी करायचे म्हणून ते पुन्हा झाडाशी वाकले. "आता सगळेच ओढून घेतो."

"निम्मे ठेवा."

"शैला, ती मुलगी झाडच काढणार आहे. मग ठेवून—"

"निम्मे ठेवायचे असतात. नाहीतर मुळांना जोर राहत नाही."

या म्हणण्याचे खंडन एका वाक्यात करता आले असते. शशिकांतरावांनी पत्नीच्या चेहऱ्याकडे पाहिले, ओढलेले देठ उचलले आणि निमूटपणे आत नेऊन चिरायला घेतले.

शैलजाबाईंनी मोहरी-मेथीची फोडणी केली, हिंग-हळद घातली, फोडी परतल्या. कैरीसारखी वाफ काढत बसले तर रुबार्बचा लगदा होतो, म्हणून त्यांनी गूळ लगेच टाकला. घरभर आंबटगोड वास पसरला.

"मीठ बघा," म्हणत त्यांनी चमचा पुढे करून वळून पाहिले. शशिकांतराव स्वयंपाकघरात नव्हते.

खिडकीतून ते दिसले. हातात पाण्याची नळी घेऊन ते कुंपणाशी उभे होते आणि राहिलेल्या निम्म्या देठांच्या बुडाशी, मातीला धक्का लागणार नाही अशा बेताने, पाणी सोडत होते.