रुकिये नावाचं इथे कुणी नाही

ड्रायरचा बझर वाजला तशी गुलसेर दचकली. बराच वेळ आम्ही दोघी किचनमध्ये कॉल लागायची वाट बघत बसलो होतो, मध्ये टेबलावर फोन. टेबलाखाली माझी विनीता मांडी घालून रंगवत होती. तिचा चिकट हात माझ्या पावलावर.

"कपडे वाळले, दुसरं काही नाही," मी म्हटलं. गुलसेर हसली नाही.

ती आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायची. बल्गेरियातली तुर्की मुसलमान. लग्न होऊन तुर्कस्तानात गेली, तिथून नवऱ्याबरोबर इकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला. आई मात्र मागेच बल्गेरियात, डोंगरातल्या खेड्यात. तिथे मशिदीला कुलूप, पोराची सुंता केली तर तुरुंग, रस्त्यात तुर्की बोललं तर दंड. हे ती आधीही सांगायची, आणि मी चहा ओतता ओतता ऐकायची. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या या हिवाळ्यात मात्र सरकारने गावाला रणगाड्यांचा वेढा घालून माणसांची नावंच बदलली. तुम्ही मुळात आमचेच, मध्ये विसरला होतात, म्हणे. तिची आई रुकिये, तिची रोसित्सा झाली. पहिलं अक्षर तेवढं राहू दिलं. केवढी ही मेहेरबानी!

गावात गोळीबार झाला, माणसं गेली, असं इस्तंबूलच्या मावसभावाने कळवलं होतं. कोण गेलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आई आहे की नाही, एवढंच गुलसेरला हवं होतं.

गावात फोन एकच, पोस्टात. तेव्हा तोडगा मीच काढला. "पर्सन-टु-पर्सन बुक कर. ज्याचं नाव देशील तो आला तरच बिल." यात आम्ही देशी लोक तरबेज! माझा नवरा नरेंद्र इथे पहिल्यांदा पोचला तेव्हा त्याने घरी, आधी ठरल्याप्रमाणे, भलत्याच नावाने कॉल लावला होता. सासऱ्यांनी "ते घरी नाहीत" म्हणून ठेवून दिला. पोचल्याची खबर मिळाली आणि दमडी लागली नाही. हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. या कॉलला नाव सांगावं लागतं आणि नावावरच तर सगळं अडलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

लाइन लागली. गुलसेरने ऑपरेटरला आईचं नाव सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, अक्षर अक्षर फोडून. मग रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाली, "रुकिये नावाचं इथे कुणी नाही, म्हणतायत."

"अगं, मग दुसरं सांग ना!"

"मी ते तोंडाने बोलले तर त्यावर माझी सही झाली."

"नावाचं काय घेऊन बसलीस?" मी घाईने म्हटलं, लाइन तुटेल अशी भीती. "माझंही बदललंच की. मी माहेरची प्रतिमा. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने लिहिलं, सुहासिनी. वाईट वाटलं थोडं. होते सवय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या दारात रणगाडा होता?"

"नाही. बँडवाले होते."

"आणि तुझ्या मेलेल्या आजोबांचं? त्यांचंही बदललं? आमच्याकडे कबरींवरची नावंसुद्धा खरवडली."

फोनमधून ऑपरेटर "हॅलो, मॅम?" करत होती.

भातातला खडा दाताखाली यावा तसं तोंड करून गुलसेर म्हणाली, "रोसित्सा."

कुणीतरी बोलवायला गेलं असावं. खूप वेळ नुसती खरखर. मग गुलसेर ताडकन उभी राहिली. "आन्ने," एवढंच बोलली. आई. आणि स्वतःच ओठ दाबून धरले. पुढे जे बोलली ते तुर्की नव्हतं. हो, बरं, हो, अशी थोडकीच उत्तरं. मिनिटभरात संपलं.

"आहे," ती खुर्चीत बसत म्हणाली. "जिवंत आहे."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

"क्लार्क शेजारी उभा असणार. तिला बल्गेरियन धड येत नाही गं. बाजारापुरतं येतं. हवा चांगली आहे, सगळे बरे आहेत, हवा चांगली आहे. घोकून आल्यासारखी बोलली. आणि मला गुलसेर म्हणालीच नाही. पोटच्या पोरीला काय म्हणायची परवानगी आहे, ते तिला माहीत नसणार."

विनीता टेबलाखालून बाहेर आली, माझ्या मांडीवर चढली. केसात क्रेयॉनचे तुकडे. मी ते वेचायला लागले.

"आई, पण दॅट्स नॉट हर नेम, ना?"

"नाही गं सोन्या."

"मग त्या आजीने ओ का दिली?"

गुलसेरने मान वर केली. विनीताने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मला कुणी दुसऱ्याच नावाने हाक मारली आणि फोनवर तू असलीस, तर मी यायचं की नाही?"