चंद्री आणि तिची पिलं

ईरम्माच्या वस्तीवर मांजरं गोठ्यातच राहायची. कडब्याच्या गंजीत व्यायची, ज्वारीच्या पोत्यांभोवती फिरायची. नवरा गेल्यावरही ईरम्मानं त्यांचं संध्याकाळचं वाटीभर दूध कधी चुकवलं नाही. मागच्या वर्षी रस्ता रुंद झाला आणि तीन मांजरं गाड्यांखाली गेली. उरली ती चंद्री. ती यंदा व्याली, तीन पिलं झाली; पण एकटी किती उंदरांना पुरणार? उंदीर पोती कुरतडायला लागले.

ईरम्माचा मुलगा महेश्वर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. रविवारी मोटारसायकलवरून येताना त्यानं उंदरांच्या विषाच्या वड्या आणल्या. मांजर खाईल की, असं ईरम्मा म्हणाली. मांजर असल्या वड्यांना तोंड लावत नाही, असं दुकानदारानं सांगितल्याचं तो म्हणाला. त्याचा हात पोत्यांमागच्या फटीत जाईना, म्हणून वड्या ईरम्मानंच आत सरकवल्या.

चंद्रीनं वड्यांना खरंच तोंड लावलं नाही. बुधवारी मात्र एक सुस्तावलेला उंदीर तिला आयताच सापडला, पाठोपाठ दुसरा. तिला ते खाताना बघून ईरम्माला बरंच वाटलं होतं.

शनिवारी चंद्री दुधाला आली नाही. पाण्याच्या हौदाजवळ ती पडलेली, नाकातून रक्त येत होतं. ईरम्मानं तिला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपनं अक्कलकोटला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. विष खाल्लेले उंदीर पोटात गेले असणार, डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन दिलं, पण उशीर झाल्याचंही सांगितलं. परतीच्या वाटेवर, जीपमध्येच, मांडीवरचं अंग गार पडलं. शेजारच्या बाईला कळू नये म्हणून ईरम्मानं लुगड्याचं टोक वर ओढून घेतलं.

गंजीत पिलं ओरडत होती. तिनं कापसाचा बोळा शेळीच्या दुधात भिजवून एकेकाच्या तोंडाला लावला. सकाळपर्यंत त्यातलं एक गेलं.

त्याच दिवशी महेश्वर आला. सगळं ऐकून तो उंबऱ्यावर बसला.

"अव्वा, इख मीच आणलं," तो म्हणाला.

"तू आणलंस, ठेवलं मी," ईरम्मा म्हणाली. "ती उंदरावरच जगती, हे मला ठाव हुतं की. तुला काय ठाव असणार? तू तिकडं ऱ्हातूस."

त्यानं पोती हलवून उरलेल्या वड्या शोधून काढल्या, लांब बांधाकडेला खोल पुरल्या. पुढच्या आठवड्यात पत्र्याच्या दोन कोठ्या आणून ज्वारी त्यात भरली. तोवर दुसरं पिलूही गेलं होतं.

तिसरं जगलं. ते ईरम्माच्या पायात घोटाळायचं, पदराशी खेळायचं. एकदा त्याच्या समोरून उंदीर पळाला, तर ते नुसतं बघतच राहिलं. ईरम्मानं त्याला उचलून पोटाशी धरलं. कुणी शिकवायचं होतं त्याला?